नव्या विद्यार्थ्याचे भेव

प्रतिवर्षी जून महिन्याच्या अखेरीस, आर्द्रा नक्षत्राच्या सरी पडू लागल्या आणि गाविलगडच्या डोंगरांवर हिरवी छटा दिसू लागली म्हणजे, आमच्या परतवाड्याच्या रस्त्यांवर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. महाराष्ट्राच्या इतर भागांतील शाळा त्यापूर्वीच उघडलेल्या असतात. वऱ्हाडचे ऊन मात्र लवकर हटत नाही, म्हणून आमची घंटा उशिरा वाजते. सेमाडोहकडून घाट उतरून आलेल्या एस.टी.मधून, चांदूर बाजार आणि अंजनगावकडील गाड्यांमधून, कधी एखाद्या मोटारसायकलवर बाप आणि थोरला भाऊ यांच्यामध्ये दडपून बसलेले, असे एकेक मूल स्टँडावर उतरते. गणवेश एका मापाने मोठा असतो, कारण तो पुढील वर्षीही पुरावयाचा असतो. केस तेल लावून चापून बसविलेले असतात. बाप पुढे चालतो, मूल मागे. आणि शाळेचे फाटक जसजसे जवळ येते तसतसे मुलाचे पाऊल मंद होत जाऊन दोघांमधील अंतर वाढत जाते. फाटकापाशी बाप मागे वळून पाहतो, तेव्हा मूल दहा हात दूर, चपलेचा बंद नीट करण्याच्या मिषाने वाकलेले असते.

या मुलाविषयी, आणि त्याने वाकून जे लपविले त्या भयाविषयी, आमचे काही विचार आहेत. ते सर्व पालकांस व आमच्या सर्व व्यवसायबंधूंस रुचतीलच असे नाही. परंतु शाळेच्या वार्षिकात केवळ रुचेल तेवढेच लिहावयाचे असेल तर बक्षीससमारंभाचा वृत्तान्त पुरेसा आहे.

आमच्या वऱ्हाडी बोलीत भयाला 'भेव' म्हणतात. 'मले भेव लागते' असे मूल आईजवळ म्हणते, आणि तेच मूल शाळेत आले म्हणजे त्यास 'मला भीती वाटते' असे म्हणावे लागते. हे दुसरे वाक्य जुळविण्यात त्याचा इतका वेळ जातो की, अखेरीस ते काहीच बोलत नाही. आम्ही त्याच्या मौनाचा अर्थ आपापल्या स्वभावानुसार लावतो. कोणी म्हणतो मुलगा नम्र आहे, कोणी म्हणतो मठ्ठ आहे, कोणी म्हणतो घरून शिकवून पाठविले आहे. त्यास भेव लागले आहे हे बहुधा कोणी म्हणत नाही.

आम्ही स्वतः १९९० साली, दहा वर्षांचे असताना, पाचव्या इयत्तेसाठी आमच्या खेड्यातून इकडे आलो. त्या काळी मूर्तिजापूरहून अंजनगावमार्गे अचलपुरास येणारी लहान आगगाडी, जिला सारा वऱ्हाड 'शकुंतला' म्हणे, ती वाफेच्या इंजिनावर चालत असे. ते इंजिन १९९४ साली काढले गेले आणि पुढे गाडीही बंद पडली. आज रुळांवर गवत आहे. त्या गाडीत आमच्या वडिलांनी आमची पत्र्याची पेटी दोन बाकांच्या मध्ये ठेविली होती व तीवर आम्हांस बसविले होते. गाडी इतकी सावकाश चाले की, माणसे उतरून चालत पुन्हा चढू शकत. आमची मात्र प्रार्थना होती की, ती याहूनही सावकाश चालावी. अचलपूर आले, टांगा झाला, शाळा आली. वडिलांनी मुख्याध्यापकांस नमस्कार करविला, खिशातून पाच रुपयांची नोट काढून आमच्या हाती दिली, आणि 'नीट राहाय' एवढेच बोलून ते गेले. आम्ही खिडकीतून त्यांस जाताना पाहिले. त्यांनी वळून पाहिले नाही. त्यावेळी आम्हांस ते निष्ठुर वाटले. आता आम्ही स्वतः पिता झालो असल्यामुळे, त्यांनी वळून का पाहिले नसावे हे आम्ही जाणतो.

त्या पहिल्या दिवशी आम्हांस कशाचे भय वाटले? गणिताचे नाही, इंग्रजीचेही नाही. लघुशंकेची जागा कोठे आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि विचारण्याचे धैर्य नव्हते. सकाळी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत आमच्या मनात दुसरा कोणताही विषय नव्हता. शिक्षकांनी त्या दिवशी काय शिकविले ते आम्हांस आज सांगता येणार नाही, आणि आमचा अनुभव असा की, आमच्या वर्गातील नव्या मुलांपैकी निम्म्यांना तरी त्यांच्या पहिल्या दिवशी आम्ही काय शिकविले हे सांगता येणार नाही. या गोष्टीचा उल्लेख काही वाचकांस असभ्य वाटेल. परंतु भय ही काही उदात्त वस्तू नव्हे. ती नळ, मुतारी, बाक, डबा, हजेरीतील नावाचा उच्चार अशा क्षुद्र ठिकाणी राहते, आणि तेथेच तिला गाठले पाहिजे.

आता पालकांचे म्हणणे पाहू. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी कोणी तरी भला गृहस्थ आमचा हात धरून सांगतो, 'सर, दोन ठोके द्या, पण माणसात आणा. भेव असल्याशिवाय पोट्टं शिकत नाही.' हे तो प्रेमाने सांगतो. त्याचा अनुभव त्यास तसे सांगतो, कारण तो स्वतः मार खाऊन शिकला, किंवा मार खाऊन शाळा सोडून गेला, आणि आता त्यास असे वाटते की, आणखी थोडा मार मिळाला असता तर राहिलो असतो. त्यास आम्ही कायद्याचे उत्तर देऊ शकतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला आहे. आणि २९व्या कलमात, अभ्यासक्रम ठरविताना कोणत्या गोष्टी ध्यानी घ्याव्यात हे सांगताना, मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त करणे व त्यास आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे हे एक कर्तव्य म्हणून नमूद केले आहे. भयाचा असा नामनिर्देश कायद्यात झाला ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. तथापि कायद्याने छडी गेली. भय गेले असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. छडीचे भय दिसत तरी असे. आता जे उरले आहे ते हशाचे भय आहे, आणि हशाचा वळ कोणत्याही तपासणी अधिकाऱ्यास दिसत नाही.

हल्ली शासनाच्या आज्ञेने पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. फुले देतात, पाठ्यपुस्तके देतात, कोठे बैलगाडीतून मिरवणूकही काढतात. जर्मनी देशात पहिलीच्या मुलास मिठाईने भरलेला, त्याच्या कमरेएवढा उंच कागदी शंकू देण्याची जुनी चाल आहे, तसेच हे. आम्ही या उत्सवाच्या विरुद्ध नाही. मात्र भय पहिल्या दिवशी पाहुण्यांसमोर बाहेर येत नसते. ते तिसऱ्या दिवशी येते, फुले सुकल्यावर.

येथे एक भेद केला पाहिजे. नव्या जागी बुजणे हा एक प्रकार आणि भिवविले जाणे हा दुसरा. पहिला प्रकार निसर्गाचा आहे, आणि तो घालविण्याची घाई आम्हांस मुळीच मान्य नाही. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहून ठेविले आहे की, ते शाळेत असताना घंटा होताच घराकडे धावत सुटत, कोणी आपणांशी बोलेल व थट्टा करील या भयाने. राजकोटच्या हायस्कुलातील त्यांच्या पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी तपासणीस आले व त्यांनी पाच शब्द लिहावयास घातले. त्यांपैकी 'केटल' हा शब्द गांधींनी अशुद्ध लिहिला, आणि शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावूनही शेजारच्या मुलाचे पाहून तो दुरुस्त केला नाही. ही गोष्ट सांगताना शिक्षक मंडळी नेहमी प्रामाणिकपणावर थांबतात. आम्हांस त्या शिक्षकाचा बूट अधिक बोलका वाटतो. ज्यास अधिकाऱ्याचे सर्वांत जास्त भय वाटत होते तो वर्गातील नवा मुलगा नव्हता. तो शिक्षक होता.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकीकत तर आमच्या मुलांनी अवश्य वाचावी. कोकणातील मुरूड गावचा हा बुजरा व कृश मुलगा १८७५ साली सरकारी परीक्षेस बसण्यासाठी भर पावसाळ्यात सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेला. परीक्षेस वयाची सतरा वर्षे पुरी लागत. समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे एकवार पाहिले, हा इतक्या वयाचा दिसत नाही असे म्हटले, आणि दाखला जवळ असताही त्यास परत लाविले. मुलाच्या तोंडून शब्द निघाला नाही. पुढे तो परीक्षा उतरला, मुंबईस जाऊन रॉबर्ट मनी या मिशन शाळेतून १८८१ साली मॅट्रिक झाला, आणि ज्या माणसास उंबरठ्यावरून परत पाठविले होते त्याने १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. अशा थोरांच्या गोष्टी सांगून 'पहा, भित्री मुलेही मोठी होतात' असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. कर्वे परत जाऊन पुन्हा आले. परत जाऊन पुन्हा न आलेली मुले किती, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत.

दुसरा प्रकार, भिवविले जाण्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, ज्यास आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. पटावर ते 'भिवा' असे आहे. हेच पुढे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. २०१७ सालापासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, व आमच्या शाळेतही त्या दिवशी भाषणे होतात. बाबासाहेबांनी आपल्या शाळेच्या दिवसांविषयी स्वतः लिहिले आहे. त्यांस वर्गाच्या कोपऱ्यात निराळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट घरून आणावे व सायंकाळी घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे भय त्या मुलाच्या स्वभावात नव्हते. ते त्याच्याभोवती मोठ्या माणसांनी, नियम म्हणून, उभे केले होते. गोणपाट आज गेले, हे खरे. परंतु नवा मुलगा वर्गात शिरला म्हणजे त्याचे आडनाव विचारण्याचा जो एक विशिष्ट सूर आहे, आणि ते ऐकून शेजारचा मुलगा जो किंचित सरकतो, तो सूर व ते सरकणे आम्ही आमच्या कानांनी ऐकले व डोळ्यांनी पाहिले आहे. ती शिकवण शाळेची नसते. ती डब्याबरोबर घरून येते. पालकांनी आमच्यावर रागावू नये.

आता बोलीकडे येतो, कारण आमच्या भागात भयाचे मोठे ठाणे तेच आहे. आमचा खेड्यातील विद्यार्थी 'शाळा' यास 'शाया' म्हणतो, 'डोळा' यास 'डोया' म्हणतो, 'का' याऐवजी 'काहून' विचारतो. मुलगीही 'मी जातो' म्हणते. पहिल्याच तासाला तो उठून 'सर, मले फया दिसत नाही' म्हणाला की शहरातील चार मुले फिदीफिदी हसतात, आणि त्या दिवसापासून त्यास फळा दिसो वा न दिसो, तो उठत नाही. गणिताचे गुण उतरतात. बाप म्हणतो, पोट्टं बिघडलं. आम्ही म्हणतो, पाया कच्चा आहे. मुलास चष्मा हवा होता.

हसणाऱ्या मुलांस, आणि हसू दाबणाऱ्या शिक्षकांसही, आम्ही एक गोष्ट स्मरण करून देतो. परतवाड्याहून फार दूर नाही असे रिद्धपूर नावाचे गाव आमच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेथे तेराव्या शतकात संकलित केल्या, आणि तो 'लीळाचरित्र' ग्रंथ मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानिला जातो. म्हणजे मराठी गद्य प्रथम लिहिले गेले ते या मातीत. २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठही त्याच रिद्धपुरास सुरू झाले, व त्याच वर्षी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हा वऱ्हाडातील मुलाने आपल्या बोलीची लाज बाळगावी यासारखी विपरीत गोष्ट नाही. प्रमाण भाषा त्याने शिकलीच पाहिजे. ती शिकविण्यासाठीच आम्ही वेतन घेतो. परंतु 'मले' हे चूक आणि 'मला' हे बरोबर असे न सांगता, 'मले' हे घरचे आणि 'मला' हे वहीतले, असे सांगितले तर मुलगा दोन्ही जवळ ठेवितो. आम्ही अलीकडे तसे सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो.

पूर्वीची एक गोष्ट येथे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. ती लिहू की नको असा विचार आम्ही दोन वर्षे केला.

आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो, व दुसऱ्या एका गावी संस्कृत आणि मराठी शिकवीत होतो. आठवीत मेळघाटातील एक कोरकू मुलगा आला. आश्रमशाळेतून आलेला, काटक, डोळे सदा जमिनीकडे. जुलैमध्ये आम्ही संस्कृतातील नामे शिकवू लागलो: देवः, देवौ, देवाः. एक देव, दोन देव, पुष्कळ देव. वर्गातील मराठी मुलांस हे द्विवचन काही केल्या कळेना. दोन म्हणजे अनेकच, मग दोहोंसाठी निराळे रूप काहून, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्या मुलास आम्ही उभे केले. तो उभा राहिला आणि काही बोलला नाही. पुन्हा विचारले. नाही. तो आमची चेष्टा करीत आहे असे आम्हांस वाटले, कारण त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू होते. आम्ही त्यास तास संपेपर्यंत उभे ठेविले, व दुसऱ्या दिवशी मागील बाकावर बसविले. त्या काळी आम्ही एक टाचणवही ठेवीत असू. तीत त्याच्या नावापुढे 'मंद' असा शब्द लिहिला. तो शब्द आमच्या अक्षरात अजून आहे, वही आम्ही फेकलेली नाही.

पोळ्याच्या सुट्टीस तो गेला तो परत आला नाही. पटावरून नाव कमी झाले, आणि आम्हांस त्याचे विशेष काही वाटले नाही. मेळघाटातील मुले अशीच जातात, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणालो. सर्वांनी माना हालविल्या.

कित्येक वर्षांनी भाषाशास्त्राची काही पुस्तके वाचनात आली. ग्रिअर्सन या विद्वानाने भारतीय भाषांची जी मोठी पाहणी केली तिच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात मुंडा कुळातील भाषा दिल्या आहेत, व त्यांत कोरकू आहे. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही, हिंदीच्याही नाही, गोंडीच्याही नाही. तिची नातलग संताळी व मुंडारी, तिकडे दूर पूर्वेस. आणि तिच्यात द्विवचन आहे. एकासाठी एक रूप, दोहोंसाठी दुसरे, पुष्कळांसाठी तिसरे. आम्ही ते पान उघडे ठेवून बराच वेळ बसलो. त्या साऱ्या वर्गात द्विवचन ज्यास आईच्या दुधाबरोबर मिळाले होते असा एकच मुलगा होता, आणि त्यासच आम्ही द्विवचनासाठी उभा केला होता. ते हसू चेष्टेचे नसावे. त्यास काही ओळखीचे आढळले असावे, व ते सांगावयास मराठी पुरत नसावी. हा आमचा तर्क आहे. त्यास विचारण्याचा प्रसंग तेव्हा राहिला नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे काय? नव्या विद्यार्थ्यास पहिले पंधरा दिवस कोणतीही परीक्षा नसावी, तोंडीही नाही. त्यास उभे करून प्रश्न विचारू नये. तो बसल्या जागी, शेजाऱ्याच्या कानात, आपल्या बोलीत उत्तर देईल तर ते चालावे. पूर्वचाचणी म्हणून जो एक प्रकार पहिल्याच आठवड्यात उरकला जातो, तो जुलैच्या अखेरीस घेतला तर आकाश कोसळणार नाही. उलट जे गुण मिळतील ते मुलाचे असतील, त्याच्या भयाचे नसतील. आमचे एक सहकारी म्हणतात की, अशाने लाड होतील आणि अभ्यासक्रम मागे पडेल. अभ्यासक्रम मागे पडेल हे खरे आहे, पंधरा दिवसांनी. तो दिवाळीपर्यंत भरून निघतो. आम्ही भरून काढून पाहिला आहे. लाडाविषयी म्हणाल तर, ज्यास भेव नाही असे मूल खोड्या करू लागते हे आम्हीही कबूल करतो. खोडकर मुलास वळण लावता येते. पोळ्यास गेलेल्या मुलास लावता येत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनो, यात तुमचा भाग आमच्याहून मोठा आहे. प्रत्येक नव्या मुलास दहावीतील एका मुलाने पहिल्या दिवशी नळ, मुतारी, ग्रंथालय आणि सायकली ठेवण्याची जागा दाखवावी, असा परिपाठ आम्ही दोन वर्षांपासून ठेविला आहे. पहिल्या वर्षी काहींनी नव्या मुलांस चुकीच्या दिशेने पाठविले व लांबून मौज पाहिली. त्यांची नावे आम्ही येथे देत नाही. ती मुले आता महाविद्यालयात आहेत, आणि त्यांस तेथे कोणी तरी चुकीच्या दिशेने पाठविलेच असेल.

पालकांस आमची विनंती लहानशी आहे. पहिल्या दिवशी सायंकाळी मुलगा घरी आला म्हणजे 'काय शिकवलं' असे विचारू नये. जेवावयास वाढावे. बोलावयाचे असेल तर तो आपणहून बोलेल, बहुधा दिवा मालविल्यावर. आणि वर्षातून केवळ निकालाच्या दिवशी शाळेत येण्याऐवजी जुलै महिन्यात एकदा, काही कारण नसताना, यावे. आपला बाप या फाटकातून बिनधास्त आत येतो व शिक्षकाशी संत्र्याच्या बहराविषयी बोलतो, हे पाहून मुलाचे अर्धे भेव जाते. ज्यांचा बाप मजुरी बुडवून येऊ शकत नाही, त्यांच्या घरी आम्ही जावे. तेवढी सायकल आम्हांस चालविता येते.

दुरून येणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. आमच्याच जिल्ह्यातील पापळ गावी १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख शिकण्यासाठी गावे बदलत बदलत अमरावतीपर्यंत आले आणि पुढे ऑक्सफर्डास गेले. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालविले, व त्यानंतर शिवाजी शिक्षण संस्था काढली. आधी राहण्याची जागा, मग शाळांचा विस्तार, हा क्रम ज्यास स्वतः परगावी राहावे लागले त्यासच सुचला असावा. आमच्या गावी मेळघाटातील मुलांसाठी वसतिगृहे आहेत. परंतु तेथे सायंकाळी मुलाच्या भाषेत बोलणारे एखादे वडील माणूस हवे, याचा आग्रह आम्ही धरीत राहू. हे काम एका लेखाने होण्यासारखे नाही, म्हणून येथे अधिक लांबवीत नाही.

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्या टेबलापाशी आला. आम्ही अर्जावरून नजर वर केली नव्हती. 'गुरुजी, ओळखलं नाही का?' असे तो म्हणाला. आम्ही ओळखले नाही. त्याने गावाचे नाव सांगितले, वर्ष सांगितले. डोक्यावरचे केस विरळ झाले होते. तो लाकडाच्या आगारात कामास आहे. आम्ही उठून उभे राहिलो, पण काय बोलावे ते सुचेना. क्षमा मागण्याचा विचार मनात आला, परंतु मागे पालकांची रांग होती आणि मुलगी आमच्याकडे पाहत होती. आम्ही त्यास द्विवचनाविषयी काही विचारले नाही. त्याने मात्र अर्ज पुढे सरकवून एकच गोष्ट सांगितली, 'हिला पुढे बसवा गुरुजी. ही बोलत नाही, पण हिला समजते.'

ती पाचवीत, दुसऱ्या बाकावर बसते. पहिल्या बाकावर बसविले तर इतरांच्या नजरा पाठीवर येतात, असे तिच्या वर्गशिक्षिकांचे मत पडले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती वर्गात आपणहून दोन वेळा बोलली. दोन्ही वेळा पाणी पिण्यास जाऊ का, एवढेच विचारले. एकदा मराठीत, आणि एकदा, घाईघाईने, कोरकूत. बाईंना शब्द कळला नाही. त्यांनी तिला जाऊ दिले.